सरपंच घसरला नव्हता

माघातला दुसरा सोमवार, सकाळचे अकरा. जागा: गावातल्या समाजमंदिराची ओसरी. रक्कम: अकरा हजार रुपये, पाचशेच्या बावीस नोटा. हजर: पटसमितीचे अध्यक्ष बापू, ज्यांच्या शेतांतून बैलांचा पट धावतो ते दोघे भाऊ, महादेव आणि गणपत, बैलाचा मालक सुदाम आणि त्याची बायको मीराबाई, आणि घड्याळाचा पंच म्हणून मी. बैल हजर नव्हता. सरपंच हे त्या बैलाचं नाव. तो त्या वेळी सुदामच्या गोठ्यात, वरच्या लाकडाला बांधलेल्या दोरांच्या आधाराने, पुढच्या डाव्या पायाला प्लास्टर घालून उभा होता.

बापूंनी पावती वाचून दाखवली. पटाच्या दिवशी बैल घसरल्यामुळे झालेल्या इजेबद्दल समितीकडून मदत म्हणून रुपये अकरा हजार रोख मिळाले, पुढे काही तक्रार नाही. खाली सहीची रेघ. सुदामने पेन उचललं. मीराबाईंनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि त्याला टोपण लावलं.

"घसरला नाही तो."

"बाई, शब्दात काय ठेवलं हाय? पैसे पाहा," बापू म्हणाले.

"शब्दच पाहून राहिली मी. पैसे तं तुमी मोजूनच आनले असन."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "भाऊ, तुमी होते. तुमी सांगा, घसरला काय?"

मी म्हणालो, "वही पाहून सांगतो."

खरं तर वही पाहायची गरज नव्हती. उत्तर मला सहा दिवसांपासून पाठ होतं. हे वाक्य मी का बोललो ते सांगण्यासाठीच हा लेख लिहितो आहे. या अंकाच्या वाचकांना माझ्याकडून दुसरंच काही अपेक्षित आहे, याची मला कल्पना आहे. नऊ दिवाळ्या मी इथे 'नव्या हंगामात लक्ष ठेवावे अशा जोड्या' ही यादी दिली. संपादकांनी यंदाही तीच मागितली. यंदा यादी नाही. का नाही, ते खाली आहे.

बाहेरच्या वाचकांसाठी आधी थोडं. आमच्या भंडारा जिल्ह्यात धान निघालं, मंडया, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रा, आटोपल्या की शंकरपट सुरू होतात. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. आम्ही नुसतं पट म्हणतो. ज्या पट्टीवर जोडी धावते तिला दान म्हणतात. हलक्या छकड्याला जोडी जुंपायची, वर धुरकरी, म्हणजे हाकणारा, उभा. पलीकडे झेंडी पडली की जोडी सुटते, अलीकडे खांबाजवळ मी घड्याळ घेऊन बसलेला. साधारण चारशे फुटांची दान, जोडीला दहा-अकरा सेकंद लागतात. बघायला वीस-वीस किलोमीटरवरून आलेला माणूस दिवसभर उन्हात उभा राहतो तो या दहा-अकरा सेकंदांसाठी.

मी पोटापाण्यासाठी मोहाडीच्या बाजूला एका राईस मिलमध्ये काट्यावर असतो. पोती मोजायची, वजन लिहायचं. पटाचं घड्याळ हे माझं दुसरं काम. मधली काही वर्षं पट कायद्याने बंद होते तेवढी सोडली, तर एकही हंगाम मी चुकवलेला नाही. आमची सौ. म्हणते, "घरातलं मीठ सरलं ते तुमाले दिसत नाही, अन् बैलाचा खूर बरा दिसतो." तिचं म्हणणं बरोबर आहे.

घड्याळाच्या कामात खुबी फार नाही, शिस्त आहे. झेंडी पडताना दिसली की बटण दाबायचं, लोकांचा आवाज ऐकून नाही. आवाज उशिरा पोचतो. जोडीतल्या पुढच्या बैलाचं नाक खांबाला आलं की पुन्हा दाबायचं. आकडा आधी वहीत लिहायचा, मग माइकवाल्याला सांगायचा. मधे कोणाशी बोलायचं नाही. एका मालकाने एकदा माझ्याशी दीड तास वाद घातला होता. त्याची जोडी दोन शतांश सेकंदाने हरली होती.

"दोन शतांश म्हंजे किती, ते दाखवा ना जी मले," तो म्हणाला.

मी म्हणालो, "तुमच्या बैलाच्या नाकाचा ओला भाग दिसतो ना, त्याच्याहून थोडं जास्त."

त्याने जाऊन खरंच बैलाचं नाक पाहिलं आणि परत येऊन म्हणाला, "मंग पुढच्या साली नाक पुसूनच आनतो."

यादीमुळे असे लोक फार भेटले. एक जण दिवाळीच्या आधी घरी येऊन बसायचा, माझी जोडी यादीत टाकू नका म्हणून, नजर लागते. एकाने आपल्या जोडीबद्दलच्या चार ओळी कापून प्लास्टिकच्या पाकिटात ठेवल्या होत्या आणि बाजारात बैल विकताना तो त्या दाखवायचा. त्या चार ओळींमुळे किंमत किती वाढली असं मी विचारलं, तर म्हणाला, "तुमाले कायले सांगू? तुमी हिस्सा मागान."

एक जुना प्रसंग सांगतो, कारण पुढे तो माझ्यावरच उलटला. मोहाडीकडच्या एका पटात दुपारनंतर धावलेल्या सगळ्या जोड्या सकाळपेक्षा वेगवान निघाल्या. माइकवाला खूश, लोक खूश. मी वहीत सकाळचे आणि दुपारचे आकडे शेजारी-शेजारी लिहिले. पहिल्या जोडीने चार दशांश सेकंद वाचवले होते. दुसरीने चार दशांश. तिसरीनेही तेवढेच. मी पट थांबवला आणि टेप घेऊन दान मोजली. शेवटचा खांब सोळा फूट झेंडीच्या बाजूला सरकला होता. भज्यांच्या ठेलेवाल्याने जेवणाच्या सुट्टीत तो उपटून सरकवला होता.

"खांब आडवा येऊन राहिला होता जी," तो म्हणाला, "कढई कुठं मांडू मी?"

त्या दिवसापासून मी एक नियम सगळ्यांना सांगत आलो. बैल दमला तर आपापल्या परीने दमतो. एक जोडी दोन दशांशांनी मागे येते, दुसरी सात दशांशांनी. पण सगळ्यांचा आकडा सारखाच हलला, तर बैल पाहू नका, जमीन पाहा. हा नियम मी चार पंचांना शिकवला. या नियमाचा मला अभिमान होता.

आता त्या गावाकडे. नाव लिहीत नाही. पवनी तालुक्यात अड्याळच्या बाजूला आहे, एवढं पुरे. दान तिथेही इतर गावांसारखीच धानाच्या बांध्यांमधून जाते. बांधी म्हणजे पाणी अडवलेलं धानाचं छोटं शेत, आणि दोन बांध्यांमधला मातीचा उंचवटा म्हणजे धुरा. पटाच्या आधी मधले धुरे फोडून जमीन सारखी करतात. या गावात मात्र एक धुरा फोडला जात नाही. तो महादेव आणि गणपत या भावांच्या हद्दीवर आहे. थोरला महादेव म्हणतो, निम्म्याहून जास्त धुरा माझा आहे. धाकटा म्हणतो, तू चार वर्षांत कोरत-कोरत एक हात आत आला. धुरा फोडला आणि पट झाल्यावर परत घालताना इकडे-तिकडे झाला तर काय, म्हणून कोणीच हात लावू देत नाही. सरकारी मोजणी मागवून दोन दगड रोवले असते तर प्रश्न मिटला असता. अर्ज जो करेल त्याने फी भरायची, आणि आधी अर्ज केला तर आपण दबलो असं गाव म्हणेल, म्हणून दोघांनी अर्ज केला नाही.

मग समितीने काय केलं? धुऱ्याच्या दोन्ही अंगांना माती टाकून उतार केला. जोडी भरधाव येते, धुऱ्यावरून उडी घेते, छकडा हवेत उचलला जातो, धुरकरी गुडघ्यात वाकतो आणि पुढे निघतो. लोकांना ते इतकं आवडलं की त्या पटाचं नावच उडीचा पट पडलं. भावाभावांच्या भांडणाची समितीने जाहिरात केली.

आणि ती जाहिरात मी छापून आणली. माझ्या यादीत वेळ, दात (म्हणजे वय), वजन असे रकाने असायचे. त्या गावापायी मी एक नवा रकाना घातला: उडी. जोडी धुऱ्यावरून 'एकसाथ' उडते की 'मागेपुढे'. हे पाहण्यात कसब आहे, असं मी लिहिलं. मागेपुढे उडणाऱ्या जोडीचं जू तिरपं होतं, मानेला हिसका बसतो, वेळ जातो. एकसाथ उडणारी जोडी धुरा आलाच नाही अशी जाते. चांगली जोडी एकदा धुरा पाहते आणि त्याची उंची लक्षात ठेवते. दुसऱ्या फेरीत वेग कमी न करता बरोबर तेवढीच उडते. हे सगळं मी लिहिलं आहे. जुने अंक ज्यांच्याकडे असतील त्यांनी काढून पाहावेत.

मागच्या दिवाळीच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर हे होतं: "सरपंच आणि मुंगश्या. मालक सुदाम. नवी जोडी, दोन्ही बैल चारदाती. लहान पटांत दोनदा पाहिली. वाटेत उंचवटा आला तर दोघे एकसाथ उडतात. उडीच्या दानीवर अजून उतरलेली नाही. उतरली तर जरूर पाहा."

डावा बैल सरपंच मीराबाईंनी वासराचा मोठा केलेला. नांगराला जुंपला की बांधीत बसून घ्यायचा. काम करत नाही आणि पहिला घास मात्र त्याला पाहिजे, म्हणून नाव सरपंच. गावच्या खऱ्या सरपंचांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले होते, "माझ्याहून देखना हाय, राहू द्या."

सुदाम त्या हंगामात उडीच्या दानीवर जोडी नेणार नव्हता. मीराबाईंचा विरोध होता. सगळे दात येऊ द्या, पुढच्या साली पाहू. यादी छापून आल्यावर बापू स्वतः मोटारसायकलवर सुदामच्या घरी गेले. मानाची जोडी म्हणून नारळ दिला. हे मला नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तर आनंदच झाला असता, हेही लिहून ठेवतो.

आता कागद. हल्ली पटाला परवानगी लागते. समितीच्या कागदांत पंचाचा एक दाखला असतो. त्यात एक ओळ होती: दानीवर अडथळा आहे काय? मी टेप लावून धुरा मोजला. नऊ इंच, म्हणजे एक वीत. मी बापूंना म्हणालो, इथे 'आहे' लिहावं लागेल.

बापू हसले. "घडीवाले भाऊ, अडथळा म्हंजे दगड, खुट्टा, गड्डा. धुरा अडथळा कसा होईन? धुरा तं हद्द होय."

"बैलाला काय फरक पडतो?"

"बैलाले नाही पडत. कचेरीले पडते. तुमी 'आहे' लिहान, तं पट जाईन. मंग तुमच्या यादीतली उडी कुठं पाहान?"

मी 'नाही' लिहिलं आणि सही केली. काट्यावर अर्धा किलोचा फरक आला तर पोतं परत उतरवून वजन करणारा माणूस मी. नऊ इंच माझ्या स्वतःच्या टेपने मोजून, त्याच दिवशी, त्याच पेनाने मी 'नाही' लिहिलं. हद्द म्हटलं की तो अडथळा राहत नाही, हे मला त्या वेळी पटलं होतं. पटवून घ्यायचं होतं म्हणून पटलं.

पट मंगळवारी होता. सकाळच्या फेरीत सरपंच-मुंगश्याने दहा सेकंद चव्वेचाळीस शतांश घेतले. दिवसातली सर्वोत्तम वेळ. धुऱ्यावर दोघांचे पाय एकाच वेळी उचलले, एकाच वेळी टेकले. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो, जे पंचाने करायचं नसतं. धुरकरी सुदाम स्वतःच होता; छकडा वळवून माझ्याजवळून गेला तेव्हा म्हणाला, "भाऊ, तुमी लिहिलं तसंच झालं."

जेवणाची सुट्टी झाली. त्या तासाभरात काय घडलं ते पुढे झालेल्या चौकशीत दोन्ही भावांनी वेगवेगळं सांगितलं, पण बेरीज एकच येते. सकाळच्या खुरांनी धुऱ्याची कड ढासळली होती. महादेवने पाहिलं की माती धाकट्याच्या बाजूला घरंगळते आहे; म्हणजे आपली माती त्याच्याकडे जाते आहे. त्याने बाजूच्या बोडीतून, म्हणजे लहान तळ्यातून, चार घमेली ओली माती आणून धुऱ्यावर थापली. तो जेवायला गेला. गणपत आला, ती माती त्याने पाहिली आणि भावाचा धुरा उंच नि आपला नाही असं नको म्हणून त्याने पाच घमेली थापली. वरून तणस, म्हणजे धानाचा पेंढा, पसरलं, ओलं दिसू नये म्हणून. बैल परत येणार आहेत, हे दोघांनाही माहीत होतं. दोघांनाही ते त्या वेळी महत्त्वाचं वाटलं नाही.

दुपारची फेरी सुरू झाली. पहिल्या जोडीला सकाळपेक्षा तीन दशांश जास्त लागले. दुसरीला तीन दशांश. तिसरीलाही. मी तिन्ही आकडे माझ्या हाताने लिहिले, एकाखाली एक. माझी नजर त्यांच्यावर पडली आणि मनात आलं, ऊन वाढलं आहे.

ज्या नियमाचा मला अभिमान होता, तो नियम माझ्या वहीत शाईने लिहिलेला समोर होता. मी दीडशे फूट चालून गेलो असतो, टेप लावली असती, तर दोन मिनिटं गेली असती. पाहुणे आले होते, माइकवाला घाई करत होता, बापू दोनदा येऊन म्हणाले, "भाऊ, फायनल घ्या, साहेबांले जायाचं हाय." पण कोणी माझा हात धरला नव्हता. मलाच सरपंचाची उडी पाहायची होती.

त्या तीन जोड्यांना काहीच झालं नाही, कारण त्या साधारण जोड्या होत्या. धुऱ्याजवळ येताच त्यांनी वेग कमी केला, चाचपडल्या, मागेपुढे उडाल्या. सरपंच आणि मुंगश्या साधारण नव्हते. त्यांना धुऱ्याची सकाळची उंची लक्षात होती. ते पूर्ण वेगात आले आणि बरोबर एक वीत उडाले.

मुंगश्या निघाला. सरपंचाचा पुढचा डावा खूर ओल्या मातीत रुतला. जू फिरलं. सुदाम बाजूला फेकला गेला. छकडा, मुंगश्या आणि तीन पायांवर सरपंच, असे तिघे तसेच पुढे आले, कारण मुंगश्याला थांबायचं कोणी सांगितलं नव्हतं. ते माझ्या समोरून गेले. खांबापुढे दहा पावलांवर सरपंच खाली बसला, बांधीत बसायचा तसा.

मी बटण दाबलं होतं. हात आपोआप चालला.

बापू धावत माझ्याकडे आले. बैलाकडे नाही, माझ्याकडे. "टाइम काय आला?"

मी सांगितलं, "अकरा अडतीस."

हे मी कसं सांगितलं, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. बापूंनी विचारलं याचा राग मला आजही येतो. पण त्यांनी नुसतं विचारलं. मी शतांशापर्यंत उत्तर दिलं.

ड्युटीवरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी पाय पाहिला. नळीचं हाड मोडलं होतं. ते म्हणाले, जगेल, उभा राहील, पण धावणार नाही. आठ माणसांनी उचलून ट्रॉलीत घातला. मीराबाई तिथे नव्हत्या. त्या घरी होत्या, कारण त्यांना पाहवणार नव्हतं. त्या संध्याकाळी लोक गेल्यावर मी टेप घेऊन धुऱ्याजवळ गेलो. साडेबारा इंच. तणसाखाली खुराची खूण साचा घातल्यासारखी बसली होती. घसरल्याची खूण अशी नसते. घसरलेला खूर लांब रेघ ओढतो. मी ती खूणही मोजली आणि वहीत लिहिली.

म्हणजे सोमवारी त्या ओसरीवर मीराबाईंनी विचारलं तेव्हा माझ्याकडे सगळं होतं. आधीचे नऊ इंच, संध्याकाळचे साडेबारा इंच, तीन जोड्यांचे तीन-तीन दशांश, खुराची खूण. पण ते सांगितलं की लगेच पुढचा प्रश्न येणार होता: मग दाखल्यावर 'अडथळा नाही' असं कोणी लिहिलं? म्हणून मी म्हणालो, वही पाहून सांगतो.

"पाहा," मीराबाई म्हणाल्या. "तुमचंच वाचून आमी आनला त्याले. ते बिना वही पाहता लिहिलं होतं काय?"

गणपत म्हणाला, "वहिनी, जनावर होय. घसरते."

"तुमी माती थापली ते साऱ्या गावाले ठाऊक हाय. थापाले जनावरानं सांगितलं होतं काय?"

"माती दादानं थापली."

"मी चार थापली," महादेव म्हणाला, "पाच त्यानं."

बापूंनी पटकन पावती उलटी केली. "हे पाहा, सुदाम, मी खुलं बोलतो. 'घसरला' लिहिलं तं समिती अकरा देते. दुसरं काही लिहिलं तं परवानगी जाते. मंग पुढच्या साली पट नाही, अन् समितीपाशी पैसे कुठून येतीन?"

सुदाम बायकोकडे पाहत होता. डॉक्टर, प्लास्टर, सरकीची ढेप, औषधं, आणि दोन महिने एक बैल दोरावर. अकरा हजार त्याला हवे होते. मीराबाईंनी पावती सरळ केली, पुन्हा वाचली आणि परत ठेवली.

"त्याले लोक घसऱ्या म्हनतीन," त्या म्हणाल्या. "आतापासूनच म्हनून राहिले. डोळ्यानं अधू हाय म्हनते, पायात दम नोहता म्हनते. तो सकाळी बरोबर उडला अन् दुपारी बी बरोबरच उडला. तुमचा धुरा चुकला. हे लिहा, मंग देतो सही."

ती दोघं गेली. बावीस नोटा बापूंच्या खिशात परत गेल्या.

मला तिसऱ्या दिवशी जाग आली, असं म्हणू. मिलमध्ये एका शेतकऱ्याचं पोतं तीनशे ग्रॅम कमी भरलं आणि मी हमालावर ओरडलो. तो म्हातारा हमाल शांतपणे म्हणाला, "भाऊ, एवढा हिशोब पटात ठेवला असता तं?" त्याला कोणी काय सांगितलं होतं माहीत नाही. मी जेवणाच्या सुट्टीत दोन पानं लिहिली. वहीतले सगळे आकडे दिले. सगळ्यात वर लिहिलं की दाखल्यावर 'अडथळा नाही' हे मी लिहिलं आहे, धुरा मोजून झाल्यावर लिहिलं आहे, आणि ते खोटं आहे. ती पानं तालुक्याच्या कचेरीत दिली, एक प्रत बापूंना, एक मीराबाईंना.

चौकशी झाली. माझं पंचपद गेलं. जायलाच पाहिजे होतं. त्या गावाला यंदा पटाची परवानगी नाही. तिथले लोक रस्त्यात भेटले की म्हणतात, "तुमी पट मारला." बैलाचा पाय कोणी मोडला असं मी त्यांना विचारतो, तेव्हा ते म्हणतात, तो तर घसरला. दोन पानं आकडे दिले, तरी हा शब्द त्यांच्या तोंडून जात नाही. महादेव आणि गणपत अजून बोलत नाहीत. धुरा अजून तिथेच आहे, आता खरिपाचं पाणी अडवून. मोजणीचा अर्ज अजून कोणी केलेला नाही.

संपादकांनी विचारलं, यादी नाही तर निदान एखादी जोडी सांगा. चांगल्या जोड्या आहेत, मला माहीत आहेत. पण मी 'उडी एकसाथ' असं लिहिलं की कोणीतरी नारळ घेऊन त्यांच्या घरी जाईल, आणि कुठल्यातरी दानीवर कोणीतरी एक धुरा ठेवेल. ज्यांना पट पाहायचा आहे त्यांनी पाहावा. मात्र दान सपाट आहे का, हे आधी स्वतः चालून पाहावं. पंचावर विसंबू नये.

सरपंच चैत्रात दोरांवरून उतरला. आता चालतो, डावीकडे झुकून. मुंगश्याला दुसऱ्या बैलाबरोबर जुंपून पाहिलं. तो दोन पावलं जातो आणि डाव्या बाजूला मान वळवून उभा राहतो. मी भेटायला गेलो तेव्हा मीराबाई सरपंचाच्या तोंडापुढे टोपली धरून होत्या. मला म्हणाल्या, "बसा. चहा ठेवतो."

मी निघताना त्यांनी मला समितीची नवी पावती दाखवली. चौकशीनंतर बापूंनी ती पुन्हा लिहून पाठवली होती. या वेळी कारण बदललं होतं. रक्कमही बदलली होती. अकरा हजारांतून पाच हजार नऊशे कमी झाले होते. 'घसरला' हा शब्द काढायला समितीने तेवढे लावले. मीराबाईंनी सही केली होती, पूर्ण नावाने, सावकाश.

पहिल्या बक्षिसाचे एकावन्न हजार दुसऱ्या जोडीला गेले. घड्याळाच्या कामाचे मिळालेले पंधराशे मी समितीला परत केले. आणि समितीकडून शेवटी दिलेली रक्कम: रुपये पाच हजार शंभर, रोख. घेणार: मीरा सुदाम. कारण: धुऱ्याची उंची वाढवल्यामुळे बैलाचा पाय अडकून मोडला.